चतकोर मागणारे गुरुजी

मेटकरी गुरुजी भाकरी ताटात पडल्या पडल्या मोडत नसत. आधी ती दोन्ही तळहातांवर घेऊन जराशी फिरवायची, कुठे जाड आहे, कुठे करपली आहे ते बघायचं, मग मधोमध अंगठे टेकवून एकदाच मोडायची. दोन्ही अर्ध्या एकावर एक ठेवून कडा जुळतात का ते पाहायचं आणि मगच पहिला घास. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस मनात देवाचं नाव घेत असावा. विचारलं तर म्हणाले, "न्हाई साहेब. पोरांपुढं चुकायला नगं, म्हणून हात बसवतोय."

तेव्हा मी आटपाडी भागात केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांना भेटी द्यायच्या, शिकवणं पाहायचं आणि शेरा लिहायचा, हे माझं काम. मूळचा मी कोरेगावचा. त्या कोरड्या माळांवर माझं मन कधी रमलं नाही. गुरुजींची शाळा अशाच एका माळावरच्या वस्तीत होती. एक खोली, चार वर्ग, एकच शिक्षक. पोरं बहुतेक मेंढपाळांची. गुरुजीही तशाच घरातले, मेंढरांमागं हिंडता हिंडता शिकलेले. त्यामुळे पोरं घरात कोणता शब्द कशासाठी वापरतात हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

पुस्तकात अपूर्णांक आले की आम्ही सगळे शिक्षक फळ्यावर वर्तुळ काढायचो. त्याचे चार भाग करायचे, एक खडूने रंगवायचा आणि 'एक छेद चार' असं पोरांकडून घोकून घ्यायचं. पोरं घोकत. मग एक छेद चार मोठा की एक छेद आठ, असं विचारलं की सगळा वर्ग आठाच्या बाजूने. चारापेक्षा आठ मोठेच की! गुरुजींच्या शाळेत ही चूक मी कधी ऐकली नाही.

सायकलच्या हँडलला फडक्यात बांधून ते घरून सहा-सात बाजरीच्या भाकरी आणत. त्यांच्या मंडळी पहाटे उठून त्या थापायच्या. वर्गात चौघांमध्ये एक भाकरी. मग गुरुजी एकेकापुढे हात पसरायचे आणि म्हणायचे, "दे बघू मला चतकोर."

मूल भाकरीचे चार भाग करून एक त्यांच्या हातावर ठेवी. गुरुजी तो बाकीच्या तिन्ही तुकड्यांवर ठेवून बघत. कमीजास्त निघाला तर म्हणत, "चार तुकडं झालं, बाळा. चतकोर न्हाई झालं." चतकोराचं निम्मं नितकोर, हे पोरांना आईच्या चुलीपाशीच ठाऊक झालेलं असे. भाकरीवरून ते हळूच फळ्यावर येत. खालच्या आकड्यावर बोट ठेवून सांगत, "ह्ये पाव्हणं. पाव्हणं वाढलं की तुकडा बारीक." वरचा आकडा म्हणजे त्यांतले आपल्या हातात आलेले तुकडे. संपलं. चार मोठा की आठ, याची भानगडच उरत नसे.

कधी ते एक परातीएवढी आणि एक तळहाताएवढी अशा दोन भाकरी मुद्दाम आणत. दोन्हींचा चतकोर काढायला लावत आणि दोन वेगळे तुकडे बघून पोरं गोंधळली की त्यांचं ठरलेलं वाक्य येई : "नुसता तुकडा बघून काय कळत न्हाई. आख्खी केवढी हुती, ते आदी इचारावं."

पडताळून झालेला चतकोर ते स्वतः खात नसत. तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. सकाळी काही न खाता आलेलं पोर त्यांना चेहऱ्यावरून कळे. तुकडा त्याच्या हातात जाई. "धर नीट. फुडच्या गणिताला लागंल." पुढच्या गणितापर्यंत तो कधीच शिल्लक राहत नसे आणि गुरुजी त्याची चौकशी करत नसत.

हे सगळं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

एकदा आमच्या केंद्रातल्या शिक्षकांचं संमेलन गुरुजींच्या शाळेत भरवलं होतं. आदर्श पाठ मी घेणार होतो. साताऱ्याहून रंगीत कागद आणले होते, रात्र रात्र बसून नव्हे, पण बऱ्यापैकी मेहनतीने त्यांची वर्तुळं कापली होती. वीसेक शिक्षक मागे बसलेले. मी एक वर्तुळ चार भागांत कापलं आणि तिसरीतल्या लता नावाच्या मुलीला उभं केलं. हे काय झालं, म्हणून विचारलं. तिने चारही तुकडे एकावर एक ठेवले, गुरुजी ठेवत तसे, आणि म्हणाली, "सायेब, ह्यात एकाला जास्ती गेलं."

मागे हशा पिकला. गुरुजी तेवढे हसले नाहीत. पुढे येऊन त्यांनी माझ्या हातातली कात्री हळूच काढून घेतली, फडकं सोडलं आणि अर्ध्या तासात पाठ पुरा केला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होतो. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण ती मुलगी आणि ती कात्री माझ्या मनात रुतून बसली.

त्याच वर्षी त्या भागात पाऊस झाला नाही. शाळा समितीचे अध्यक्ष वस्तीवरचेच एक वयस्क गृहस्थ होते, मानी आणि सरळ. एके दिवशी शाळेवरून जाताना त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर मास्तर पोरांपुढे हात पसरून म्हणतायत, "दे बघू मला चतकोर." तिकडे हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येतो : चुलीपाशी, आणि भाकरी मागायला आलेल्याच्या तोंडी, दारात. अध्यक्षांनी दारातला अर्थ घेतला. दुष्काळात मास्तर आमच्या पोरांच्या तोंडचं मागून खातो, असा अर्ज त्यांनी वर पाठवला. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी खिडकीतून जेवढं ऐकलं, तेवढं लिहिलं.

चौकशीला मला पाठवलं. दोन वाक्यांत हा गैरसमज मिटवता आला असता. मी गुरुजींना बाहेर थांबायला सांगितलं आणि वर्गाला विचारलं, "गुरुजी तुमच्याकडे चतकोर मागतात का?"

सगळी पोरं एका सुरात "व्हय" म्हणाली. त्यांना वाटलं, साहेब अभ्यासाचं विचारतायत. लता तर उठूनच उभी राहिली. "व्हय सायेब, रोज मागत्यात. आन्..."

"बस खाली," मी म्हणालो.

अहवालात लिहिलं : 'शिक्षक विद्यार्थ्यांकडे भाकरी मागतात, असे विद्यार्थ्यांनी एकमुखाने सांगितले.' एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांना फार तर समज मिळेल, जरा खाली बघायला लागेल, एवढीच माझी अटकळ होती. गुरुजींकडे खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दोन ओळींत दिला : 'होय, मी चतकोर मागतो. का मागतो, हे केंद्रप्रमुख साहेबांनी स्वतः पाहिले आहे.' तो कागद माझ्यामार्फतच वर जायचा होता. खाली माझ्या अभिप्रायासाठी जागा होती. मी ती कोरी सोडली, नुसती सही केली.

त्यांची बदली जतच्या पलीकडे, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला झाली. घरची माणसं मागे राहिली. ते तिथे पोचायच्या आधी नाव पोचलं होतं : चतकोर मास्तर. पुढे त्या भागातला एक शिक्षक मला भेटला, त्याच्याकडे मी आडून आडून चौकशी केली. माणूस भला आहे म्हणाला, कानडी पोरांची भाषासुद्धा शिकला. फक्त डबा कुणाबरोबर खात नाही, शाळेमागे जाऊन एकटाच जेवतो. अपूर्णांक कसे शिकवतात, असं विचारलं. तो म्हणाला, "कसे म्हणजे? फळ्यावर गोल काढून. आपण सगळे शिकवतो तसेच."

त्यानंतर मला नीट झोप लागली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला झोप लागत होती. मी बदली करून घेऊन साताऱ्याकडे आलो, निवृत्त झालो, कोरेगावात घर बांधलं. माझी मंडळी वारल्यावर घरात एकट्यासाठी भाकरी थापायची वेळ आली, तेव्हा मात्र रोज गुरुजी आठवू लागले. माझी भाकरी कुठूनही मोडली तरी सारखी मोडत नाही.

गेल्या वर्षी कळलं की त्यांना अर्धांगवायू झालाय आणि ते मलकापुरात लेकीकडे असतात. गेलो. त्यांनी लगेच ओळखलं. डावी बाजू गेली होती, बोलणं थोडं जड होतं. म्हणाले, "देवानं बी वाटणी केली साहेब. निम्मं त्येचं, निम्मं माझं." आणि मग, "पर सारकी न्हाई केली."

लेकीने दोघांना ताटं वाढली. गुरुजींनी एका हाताने भाकरी उचलली, तशीच ठेवली आणि तळहात माझ्यापुढे धरला. "एका हातानं मोडत न्हाई. द्या बघू मला चतकोर."

मी मोडली. चार तुकडे चार तऱ्हेचे झाले. ते बघून गुरुजी हसले. "चार तुकडं झालं..." एवढंच म्हणाले, पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्यांतला सगळ्यांत लहान तुकडा त्यांनी उचलला.

तेव्हा मी सांगितलं. कात्रीपासून कोऱ्या सोडलेल्या जागेपर्यंत सगळं. ते चावत ऐकत राहिले. लेक दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच थांबली.

"तुमी खोटं कुटं लिवलं साहेब?" घास संपवून ते म्हणाले. "मी मागत हुतो. पोरं व्हय म्हणाली. तुकडा खराच हुता. आख्खी तेवढी लिवायची ऱ्हायली."

मी म्हणालो, लिहितो.

"लिवा कवातरी," ते म्हणाले. "घाई न्हाई."

मी त्यांच्या शब्दाचाच आधार घेतला, घाई केली नाही. दोन महिन्यांत ते गेले.

दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. भाषणं झाली. एक जुने शिक्षक म्हणाले, त्यांच्यावर मध्यंतरी एक डाग लागला होता खरा, पण आता माणूस गेला, आपण ते विसरू या. मी पुढच्याच रांगेत होतो. उठलो नाही.

परत निघताना चाळिशीच्या एका बाईने हाक मारली. लता. मी ओळखलं नाही, तिने मला ओळखलं होतं. तिला एवढंच विचारायचं होतं. "सायेब, त्या दिशी मीच उठून व्हय म्हणलं. म्हणून गुरुजींची बदली झाली न्हवं?"

तीच बोलत राहिली. आता तिला दोन पोरं आहेत. घरात अर्धी म्हणा, तुकडा म्हणा, पण चतकोर हा शब्द ती कुणाला काढू देत नाही. इतकी वर्षं.

मी गुन्हा केला होता आणि शिक्षा एक आठ-नऊ वर्षांची मुलगी भोगत आली होती, हे मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी, रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं. मी तिला म्हणालो, तुझी चूक नव्हती बाई, माझी होती. तुला मी बोलू दिलं नाही. 'आन्' म्हणून तू थांबलीस, त्याच्यापुढे काय सांगणार होतीस?

तिला आठवावं लागलं नाही. "आन् उपाशी आलं असंल त्येला देत्यात," ती म्हणाली. "येवढंच सांगायचं हुतं."

तो कागद आता कुठल्या दप्तरात असेल, असेल की नसेल, कोण जाणे. पण त्यावरची जागा मीच कोरी ठेवली होती, ती मीच भरली पाहिजे.

अभिप्राय : शिक्षक विद्यार्थ्यांकडे चतकोर भाकरी मागतात. भाकरी शिक्षकांच्या घरची असते. चतकोर बरोबर झाला की नाही हे ते पडताळून पाहतात आणि जे मूल उपाशी आले असेल त्याला देतात. मी स्वतः पाहिले आहे.