पहिला नंबर

पतपेढीने वडिलांचा अर्ज परत केला तो दिवस सोमवार होता. संध्याकाळी वडील घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बदली कामगाराला कर्ज देत नाहीत."

मी मॅट्रिक झाले होते. पुण्याच्या कॉलेजात अर्धी फी माफ झाली होती. उरलेली अर्धी आणि पुस्तकांचे पैसे महिनाअखेरीपर्यंत भरले नाहीत तर नाव कमी होणार होतं. वडील पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात बदलीवर होते. म्हणजे कुणी गैरहजर राहिलं तरच त्यांना काम. अशा माणसाला सावकारही दारात उभं करत नव्हता. आईच्या अंगावर काळ्या मण्यांखेरीज काही उरलं नव्हतं.

राहिली भिशी. चिंचवडच्या आमच्या चाळीत दहा जणांनी ती सुरू केली होती. पगाराच्या दिवशी प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची आणि एकाने सगळी उचलायची. कुणाचा महिना कोणता, हे आधीच टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. वडिलांचा नंबर नववा होता. भिशीत एक न सांगता पाळायची रीत होती: पैसे कशाला हवेत, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. एका भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येणाऱ्या चाळीत झाकून ठेवण्यासारखं तेवढंच होतं.

पहिला नंबर शेजारच्या काकांचा होता. ते आमच्या नात्यातले नव्हते. करमाळ्याकडचे, तीन गड्यांबरोबर एका खोलीत राहायचे. बायको गावी, त्यांच्या आईजवळ. काकांना लिहिता येत नसे, म्हणून महिन्याचं पत्र माझ्याकडून लिहून घ्यायचे.

पगाराच्या दिवशी ओट्यावर पैसे जमले. माझं काय अडलंय ते तोवर सगळ्या चाळीला ठाऊक झालं होतं.

"काय राव, पोरीला कलेक्टर करायला निघालात आणि नंबर नववा?" एक जण वडिलांना म्हणाला. बाकीचे हसले.

"होईल की कलेक्टर. पहिली जप्ती तुझ्याच घरावर आणंल, गप बस," काका म्हणाले. मग रुमालात बांधलेले पैसे त्यांनी तसेच वडिलांपुढे सरकवले. "भाऊ, ह्यो महिना तुमी घ्या. नववा मी घीन. मला काय घाई न्हाई."

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता, असं ते नंतर आईला म्हणाले.

मी कॉलेजात जाऊ लागले. सकाळची गाडी, वर्गात मागचा बाक. मुली एकमेकींच्या घरच्या गोष्टी सांगू लागल्या की मी पुस्तक उघडायची. इकडे चाळीत मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबत. दोन्हीकडे मी पाहुणीच झाले होते. त्या महिन्यात काका पत्र लिहून घ्यायला आले नाहीत. पुढच्याही महिन्यात नाहीत. कारखान्यातल्या एका कारकुनाकडून लिहून घेतात, असं कळलं. अभ्यासाला तेवढा वेळ मिळाला म्हणून मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला आज फार वेळ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी काका एक पोस्टकार्ड घेऊन आले. कारकून सुटीवर गेला होता. घरात मी एकटीच होते.

"वाच गं बाय," म्हणत ते उंबऱ्याशी बसले.

कार्ड त्यांच्या मेहुण्याचं होतं. मी मोठ्याने वाचू लागले. गेल्या साली गावच्या माणसाबरोबर आपण निरोप धाडलात की पहिली भिशी माझी आहे, अनामत भरून खोली घेतो, महिन्याभरात न्यायला येतो. बहिणीने भांडी पोत्यात बांधली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिची सासू रोज पोत्याकडे बोट दाखवून हसे. शेवटी ती माहेरी आली. आता आपण खोली घेतो म्हणता, पण ती यायला तयार नाही.

मी कार्ड मांडीवर ठेवलं.

"वाच की पुढं."

"एवढंच आहे, काका."

"बरं." त्यांनी कार्ड घेऊन खिशात घातलं. जाताना म्हणाले, "भाऊंना बोलू नगंस. मनाला लावून घेतील."

मी बोलले नाही. बी. ए. झाले, शाळेत लागले, तरी बोलले नाही. काकांनी खोली घेतली नाही. नोकरी संपेपर्यंत ते त्याच खोलीत राहिले. सोबतचे गडी बदलत गेले. त्यांनी माझ्याकडून पुन्हा पत्र लिहून घेतलं नाही, आणि मीही 'लिहू का' असं विचारलं नाही.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. काका गेल्या महिन्यात गेले. त्यांची बायको आहे की नाही, मला माहीत नाही. माझी फी काकांच्या खोलीच्या अनामतीतून भरली गेली, हे माहीत असलेली आता मी एकटी आहे.