रस्त्यातली खुर्ची

मामा वेताची पट्टी दातांत धरून बोलायचे. त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं कळायचं आणि उरलेलं अर्धं लोक अंदाजाने पुरं करायचे. गाठ मारली की तिच्यावर अंगठा दाबून थोडा वेळ तसेच बसायचे, जणू ती पळून जाणार आहे. चहा पार गार झाला की मग त्यांना तो आठवायचा. विणून झालेल्या खुर्चीवर स्वतः कधी बसायचे नाहीत. "आधी गिऱ्हाईक," म्हणायचे. कुणी हॉर्न वाजवला की मान वर न करता "आलो, आलो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. पट्ट्या भिजवायच्या बादलीतलं पाणी संपलं की रस्ता ओलांडून समोरच्या नळावर जायचे. जाताना चढाकडे बघायचे नाहीत. तिकडे बघायची गरज नव्हती. तिकडे खुर्ची होती.

सगळी गल्ली त्यांना वेतमामा म्हणायची. खरे मामा ते एकीचेच. बहीण गेली तेव्हा तिच्या लहान मुलीला ते घरी घेऊन आले, आणि ती दिवसभर मामा, मामा करायची ते ऐकून बाकीच्यांनीही तेच नाव उचललं. शेजारची इस्त्रीवाली मावशी त्यांच्याहून वयाने मोठी. तीसुद्धा मामाच म्हणायची. भाची आता मोठी झाली होती. दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करत होती.

दोघांची एकच लांबट खोली. छताच्या हुकांना खुर्च्यांच्या चौकटी उलट्या टांगलेल्या. भाचीच्या पलंगावरही एखादी लोंबत असायची. घरात शिरलं की भिजलेल्या वेताचा वास यायचा. दार थेट फुटपाथवर उघडायचं आणि मामा दाराबाहेरच बसून काम करायचे, कारण आत उजेड नव्हता.

गल्ली उताराची आणि एकेरी. गाड्या फक्त वरून यायच्या. वरच्या मोठ्या रस्त्याला सिग्नल होता, तिथे तुंबलेला माणूस गल्लीत शिरला की सगळा राग पायाच्या पंजात उतरवायचा. फुटपाथ जेमतेम. खाली वळणावर शाळा. एके दिवशी सकाळी मावशी नळावरून पाणी घेऊन येत होती आणि एका मोटारसायकलने तिचा घोटा मोडला. प्लॅस्टर निघालं, पण पाय पूर्वीसारखा पडेना. ती पुन्हा कामावर आली त्या दिवशी मामांनी घरातली एक चौकट काढली. गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं, बैठक नव्हती, नुसते चार पाय आणि पाठ. तिला लाल रंग दिला आणि जरा वरच्या अंगाला, भर रस्त्याच्या मधोमध, नेऊन ठेवली.

गाड्या खुर्चीपाशी येऊन हळू व्हायच्या. लोक काच खाली करायचे.

"काय मामा, रस्त्यात दरबार भरवलाय का?"

"हो. तुमचाच नंबर आहे. या."

"उचला ती! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"बापाचा नाही. भाचीचा आहे. ती कामावरून आली की विचारतो."

माणूस शिव्या द्यायचा, पण हळू जायचा. मामांना तेवढंच हवं होतं. रोज सकाळी खुर्ची बाहेर, दिवे लागले की आत. एकदोनदा ट्रकखाली आली. त्यांनी पाय सांधले, रंग दिला, परत ठेवली. पोलिसाने एकदा दम दिला. पुढच्या आठवड्यात तोच पोलीस घरची आरामखुर्ची विणायला घेऊन आला.

पण खुर्ची म्हणजे काही स्पीड ब्रेकर नव्हे. मामांना एकदा ताप आला आणि दोन दिवस खुर्ची घरातच राहिली, तर शाळेतल्या एका पोरीचं दप्तर गाडीने ओढत नेलं. नशीब म्हणून नुसतं दप्तर. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं. ते भाचीला म्हणाले, "मी काय जन्मभर पुरणार आहे? इथे काहीतरी पक्कं पाहिजे. माझ्यावाचून चालेल असं."

अर्ज करायला गल्लीत माणूस होता. पाणी खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून. त्यांना सगळे अर्जवाले काका म्हणायचे. पालिकेत काकांच्या अर्जांची वेगळी फाईल आहे आणि ती काकांपेक्षा जाड आहे, असं मामा म्हणत. काका खरोखरच काडी होते. त्यांनी घराघरांतून सह्या गोळा केल्या, साहेबांच्या दारात बसून राहिले, आणि शेवटी पालिकेने मोजणी मंजूर केली. आठवडाभर गाड्यांचा वेग मोजायचा. वेग जास्त निघाला तर गतिरोधक, नाही तर नाही.

माणसं आली. त्यांनी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या आणि खांबाला एक पेटी कुलूप लावून बांधली. चाक नळ्यांवरून गेलं की टप-टप असा आवाज व्हायचा. गल्लीत उत्साह संचारला. पालिकेची माणसं येणार म्हणून मावशीने नळाभोवतालची जागा धुऊन काढली. मामांनी खुर्चीला नवा रंग दिला. आठवडाभर ती रोज वेळेवर रस्त्यात उभी होती.

उत्तर आलं. काकांनी ते मामांच्या दारात मोठ्याने वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाहनांचा वेग मर्यादेत आढळला. गतिरोधकाची आवश्यकता नाही.

काकांनी पालिकेत जाऊन इतका आरडाओरडा केला की रस्ते खात्याचा अभियंता स्वतः बघायला आला. तरुण होता, शर्टाला घामाचे डाग, बोलायला मऊ. नळ्या ठोकल्या होत्या त्या जागी उभा राहिला. मग वर पाहिलं.

"ही खुर्ची इथे रोज असते?"

"रोज," मामा म्हणाले. आवाजात जरा ऐट होती.

"मोजणीच्या आठवड्यातसुद्धा होती?"

"म्हणजे काय! एकही खाडा नाही."

अभियंत्याने खुर्चीपासून नळ्यांच्या जागेपर्यंत नजर टाकली. नंतर म्हणाला, "मग आम्ही तुमची खुर्ची मोजली, मामा. रस्ता नाही मोजला."

सगळ्यांच्या आधी मावशीला कळलं. तिने कपाळावर हात मारला. मामांनी तोंडातली पट्टी काढली. भाचीला आठवतं, त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी तयार खुर्ची परत आणून दिली आहे आणि बैठक फाटली आहे.

अभियंता म्हणाला, "पुन्हा मोजणी लावतो. पण आठवडाभर ती आत ठेवा. गाड्या जशा जातात तशा जाऊ द्या."

"आणि कुणाला लागलं म्हणजे?"

"मोजायचं तर मोकळं सोडावं लागतं. दुसरा मार्ग मला माहीत नाही. माहीत असता तर सांगितला असता."

"लागलं म्हणजे?" मामांनी पुन्हा विचारलं.

वाद झाला. काका म्हणाले, आठवड्याचा प्रश्न आहे, जन्माची कटकट मिटेल. मावशी म्हणाली, माझा घोटा घेऊन जा पालिकेत, तो मोजा. मामा दोन दिवस नुसते विणत राहिले. तिसऱ्या दिवशी नळ्या ठोकायला माणसं आली तेव्हा ते भाचीला म्हणाले, "तू आत ने. माझ्याच्याने होत नाही."

तिने खुर्ची आत नेली आणि खिडकीशी ठेवली.

तो आठवडा त्यांनी कामाला कमी आणि फिरण्याला जास्त दिला. दारोदारी जाऊन सांगत होते, खुर्ची नाही, बघून ओलांडा. शाळेच्या फाटकाशी जाऊन बाईंना सांगून आले. वरच्या माळ्यावरच्या आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यांना हातवारे करून दाखवलं.

"मामा, आज सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय मला," मावशी म्हणाली. "पाय मोडलाय माझा, डोकं नाही."

"मग चौथ्यांदा ऐक. वर बघायचं. आधी वर बघायचं, मग पाऊल."

शाळा भरताना आणि सुटताना ते फुटपाथच्या कडेला उभे राहायचे आणि पोरांना पदराखाली घेतल्यासारखं पलीकडे नेऊन सोडायचे. एरवी दारात बसून नळ्यांचा आवाज ऐकायचे. टप-टप. गाडी जोरात असली की दोन टप चिकटून यायचे; मग मान हलवायचे आणि भाचीला म्हणायचे, "हा धरला बघ पेटीने." कुणी जोरात गेलं की एवढी वर्षं त्यांचा जीव वरखाली व्हायचा. त्या आठवड्यात तो होतच होता, पण वर थोडं समाधानही वाटायचं, आणि त्याची त्यांना लाज वाटायची. "आपणच गाड्या जोरात जाव्यात म्हणून बसलोय," ते एका संध्याकाळी म्हणाले. "काय दिवस आले."

हाताला चाळा म्हणून त्यांनी लाल खुर्ची समोर ओढली. इतकी वर्षं तिला बैठक नव्हती. रस्त्यात उभ्या खुर्चीवर बसणार कोण? आता स्पीड ब्रेकर झाला की ती रिकामीच. मामा बैठक विणायला बसले.

"कुणाची आहे?" भाचीने विचारलं.

"माझी."

"तुम्ही बसणार? खुर्चीवर?"

"हिचं गिऱ्हाईक मीच ना. मग पहिला हक्क माझाच." जरा वेळाने म्हणाले, "तू पण शीक आता. तिरपं तेवढं तुला येत नाही."

उभ्या पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या भाची लहानपणीच शिकली होती. तिरप्या पट्ट्यांचं तिला कधी जमलं नाही. कुठल्या पट्टीच्या वरून आणि कुठल्या खालून, यात ती दरवेळी चुकायची. तिरप्या नसल्या तर बैठक वजन धरत नाही.

"रविवारी शिकवतो," मामा म्हणाले. "तोवर तू दात उपट."

"मी दात उपटत नाही मामा. नंबर लावते."

"तेच ते. लोक रडतच येतात ना तुझ्याकडे?"

मोजणी संपायला एक दिवस राहिला होता. सकाळची वेळ. शाळा भरून गेली होती, पोरं सुखरूप पलीकडे गेली होती. मामा तिरप्या पट्ट्या घालत होते. पट्टी कोरडी झाली की तडकते, म्हणून पुन्हा पुन्हा भिजवावी लागते, आणि बादलीत पाणी उरलं नव्हतं. भाची आत डबा भरत होती. तिने त्यांना बादली उचलताना ऐकलं. कडीचा आवाज झाला.

मग टप-टप. इतके जवळ की एकच वाटले.

मग बादली गडगडत गेली, उताराने, बराच वेळ.

भाची दारात आली तेव्हा मावशी इस्त्री हातात धरून उभी होती. ती एवढंच म्हणत होती, "वर नाही बघितलं. सगळ्यांना सांगितलं आणि स्वतः वर नाही बघितलं." ती ते बरेच दिवस म्हणत राहिली. भाचीला त्यात कोडं नव्हतं. तिने त्यांना हजारदा रस्ता ओलांडताना पाहिलं होतं. चेहरा नळाकडे, चाल संथ, वरच्या बाजूला पाठीराख्यासारखी उभी असलेली खुर्ची. पावलांना आठवडाभरात विसरता आलं नाही.

मालाच्या गाडीचा चालक पळाला नाही. फुटपाथवर डोकं धरून बसला होता. त्याला कुणी मारलं नाही. काका मध्ये उभे राहिले होते.

मामांचं तेरावं झाल्यावर अभियंता आला. दारात उभा राहिला, आत या म्हटल्यावरही आला नाही. गतिरोधक मंजूर झाला होता. दोन. एक वर, एक शाळेपाशी.

"ती गाडी मोजणीत आली?" भाचीने विचारलं.

"आली."

"किती..." ती थांबली. "नको. सांगू नका."

तो खाली बघत म्हणाला, "मी सांगायला नको होतं खुर्ची उचलायला."

"मीच उचलली," भाची म्हणाली. "तुम्ही कशाला."

डांबर पडलं, त्यावर पांढरे पट्टे आले. आता गाड्या वर येऊन दचकतात, एक चाक, मग दुसरं, आणि हळू खाली येतात. मावशी तरीही उभी राहते, वर बघते, मग पाऊल टाकते. काकांच्या मनात होतं की लाल खुर्ची गतिरोधकापाशी खांबाला बांधावी, खाली पाटी लावावी. त्यासाठी अर्जही तयार होता. भाचीने नाही म्हटलं. मामांना तिच्यावर बसायचं होतं, म्हणाली. काकांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

खुर्ची खिडकीशी आहे. उभ्या पट्ट्या झाल्या आहेत, आडव्या झाल्या आहेत. तिरप्या एका बाजूने निम्म्यापर्यंत आल्या आहेत. पुढची पट्टी भोकात घालून लाकडी खुंटीने पक्की केली आहे. तिचं दुसरं टोक मोकळं आहे, वाळून कडक झालेलं. त्याच्यावर दातांच्या खुणा आहेत.