पाहुण्याचा हंडा

आमच्या गावाचा अभ्यास करायला जेवढी माणसं आली, तेवढी गावातल्या एखाद्या लग्नालाही आली नसतील. एडवण आणि दातिवऱ्याच्या मधल्या किनाऱ्याला आमचं गाव. चिकू, केळी, पानवेली, अशा वाड्या. कुणी झाडं मोजून गेलं, कुणी पक्षी, कुणी आमची संडासं. प्रत्येक जण विचारतो, "आजोबा, शिक्षण किती?" मी सांगतो, चौथी, तीही अर्धी. अर्धी लिहायला कागदावर जागा नसते. म्हणून माझं शिक्षण कधी तिसरी होतं, कधी चौथी. ह्यावरूनच मला अभ्यासाची किंमत कळायला हवी होती.

पण ज्या अभ्यासाने माझी झोप उडवली तो पाण्याचा. कुठल्या जमिनीवर शेती राहील, कुठे घरं होतील, कुठे हॉटेलं, त्याचा आराखडा सरकारला करायचा होता. त्याआधी गावोगाव माहिती घ्यायची म्हणून एक शिकलेली मुलगी आमच्या आळीत आली. ऐन मे महिन्यात. उन्हाळ्यात आलं की पाण्याचं खरं काय ते कळेल, असा तिचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता. ती आमच्या घरात शिरली एवढंच चुकलं.

आमच्या विहिरी समुद्राला लागून. होळी झाली की पाणी मचूळ होतं, मे महिन्यात तर तोंडात धरवत नाही. झाडांना तेच देतो, पण बेताने. दुपारी पंप बंद ठेवतो. हावरटासारखं उपसलं की समुद्र आत येतो, आणि एकदा आला की केळ गेली, पानवेल गेली. हे आळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पिण्याचं पाणी बायका टेकडीच्या पायथ्याच्या विहिरीवरून आणतात. आणि आमच्याकडे प्रत्येक घरात एक हंडा वेगळा असतो, पाहुण्याचा. घरातली माणसं टेकडीच्या पाण्यात आपल्या विहिरीचं मिसळून भागवतात, पण त्या हंड्याला हात लावत नाहीत. माझ्या बायकोचा तो हंडा असा घासलेला असायचा की त्यात तोंड दिसावं. मी एकदा तापात त्यातलं पाणी मागितलं तर म्हणाली, "तुमी काय पाव्हने हाव?" आणि दिलं, पण बोलून दिलं.

तर ती मुलगी घामाने निथळत आली. माझ्या बायकोने गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी पुढे केलं. मुलगी गटागटा प्यायली, आणि पेला तोंडाजवळ असतानाच तिने विचारलं, "आजी, तुमच्याकडचं पाणी कसं आहे?"

"गोड हाय गो बाय," बायको म्हणाली. "बारा महिने गोड. घे अजून."

मी ओट्यावरच होतो. बोललो नाही. पाहुणा पाणी पीत असताना यजमानाने दुसरं काय बोलायचं असतं?

त्याच पावसाळ्यात माझी बायको गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं तर दुसरं काही लिहून होणार नाही.

पुढच्या वर्षी आराखडा लोकांना बघायला ठेवला. मुलगा बोईसरला कारखान्यात आहे, तो सुट्टीच्या दिवशी सगळं मोबाइलवर घेऊन आला. म्हणाला, "बाबा, नकाशात आपली आळी नारिंगी केलीय."

"म्हंजे?"

"हॉटेलं, लॉज. शेतीला हिरवा रंग, आपला नारिंगी. बोअर मारायची परवानगी मिळेल त्यांना. कारण लिहिलंय, इथे वर्षभर मुबलक गोड पाणी आहे."

"कोन म्हनतं?"

मुलाने मोबाइल माझ्यासमोर धरला. अहवालात एक फोटो होता. तोंड नाही, फक्त हात. हिरव्या बांगड्या, त्यातली एक प्लास्टिकची, आणि पेला पुढे केलेला. खाली छापलेलं, मुलाने वाचून दाखवलं: एका ज्येष्ठ महिलेने सांगितले की पाणी बारा महिने गोड असते.

हात मी ओळखला. मुलानेही ओळखला होता. ज्या वाडीत तिने जन्म काढला, ती तिच्याच शब्दाने जायची वेळ आली होती. दहा लॉज, दहा बोअर. दोन उन्हाळ्यांत सगळ्या विहिरी समुद्राच्या.

हरकत घ्यायची म्हटल्यावर आधी शेजारचा म्हातारा माझ्यावर धावून आला. आम्ही दोघं एका वर्गातले, म्हणजे त्यानेही चौथी अर्धीच सोडलेली.

"तुझ्या पोराचं लगीन झालं," तो कुंपणापलीकडून ओरडला. "माझ्या नातवाचं व्हायचंय! सरकारी कागदावर खारं पानी लिहून दिलंस तर पोरगी कोन देनार आमाला?"

"पानी खारं हाय की नाय?"

"हाय."

"मग?"

"मग सांगायचं कशाला? तुला गावभर सांगायची खाजच हाय!"

मी पालघरला गेलो. सुनावणीला सकाळी बोलावलं आणि दुपारच्या जेवणानंतर आत घेतलं. टेबलामागे साहेब, पंखा साहेबांवर. नारिंगी आळीचा नकाशा भिंतीवर लावलेला.

"हरकत काय तुमची, आजोबा?"

"पानी गोड नाय."

"अहवालात गोड आहे."

"अहवाल प्यायला आलेला का?"

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. पानं उलटत म्हणाले, "तुमच्याच आळीतल्या बाईंनी सांगितलंय. आमच्या माणसांनी तिथे पिऊनही बघितलंय."

"ती बाई माझी बायको."

"म्हणजे त्या खोटं बोलल्या?"

मला त्या टेबलावर काहीतरी आपटावंसं वाटलं. आपटण्यासारखं हाताशी काही नव्हतं, फक्त माझी पिशवी.

"साहेब, उन्हातून तुमी माझ्या दारात आलाव. पेला तुमच्या ओठाला हाय. आणि तुमी विचारता, पानी कसं हाय. मी काय सांगू? खारट हाय, प्या?"

"पण प्रश्न अभ्यासाचा होता."

"तिला काय ठाव अभ्यास! तिला दिसली घामाघूम झालेली पोरगी." मग मी त्यांना हंड्याचं सांगितलं, टेकडीच्या विहिरीचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, हे कबूल करतो. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे परत अभ्यास करावा लागेल."

परत अभ्यास! मी डोक्याला हात लावला.

आली पुन्हा मे महिन्यात. तीच मुलगी. ह्या खेपेला पाणी भरून न्यायच्या बाटल्या होत्या तिच्याकडे, पण तहान तेवढीच. ओट्यावर टेकते न टेकते तोच शेजारची सून कुंपणातून तांब्या आणि गूळ घेऊन हजर. खारं पाणी लिहू नये म्हणून सासऱ्याने पाठवलेली नव्हती. तिच्याने राहवलं नाही म्हणून आलेली.

"थांब गो!" मी ओरडलो.

"अवो आबा, तोंड सुकलंय तिचं!"

"सुकू दे. आधी माझं पिऊ दे तिला."

मी स्वतः विहिरीवर गेलो, तिच्या देखत बादली ओढली आणि पेला भरून तिच्या हातात दिला. सत्तरी ओलांडली, पण पाहुण्याला असलं पाणी कधी दिलं नव्हतं. घरात भिंतीवर बायकोचा फोटो आहे. मी तिकडे पाठ केली.

मुलीने घोट घेतला. गिळला कसाबसा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आजींचं ते वाक्य आता काढावं लागेल."

"काढ."

"अहवालातला फोटो ठेवू का? फक्त खालची ओळ बदलते."

"काय लिहिशील?"

"पाणी उन्हाळ्यात पिण्याजोगं नसतं. असंच काहीतरी."

बायकोच्या हाताखाली, तिच्या पेल्याखाली हे छापायचं. मी विचार केला. फार करावा लागला नाही.

"फोटो पन काढ," मी म्हटलं. आणि शेजारच्या सुनेकडे वळलो. "आता दे तिला. पोटभर दे."

माझा पाहुण्याचा हंडा पालथा होता. टेकडीपर्यंत जाऊन डोक्यावरून आणणारं कुणी राहिलेलं नाही.

नव्या नकाशात आळी हिरवी झाली. बोअरला बंदी, तसं कारणासकट लिहिलंय. शेजाऱ्याने त्यावर माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. मग नातवाला बघायला माणसं यायची ठरली, तेव्हा स्वतःच कुंपणाशी येऊन म्हणाला, "ये. पन तोंड उघडू नको."

सांगून आलेल्या मुलीचा बाप केळव्याकडचा, वाडीवालाच. ओट्यावर बसला, गूळ खाल्ला, पेला तोंडाला लावला आणि म्हणाला, "तुमच्याकडे पानी कसं काय?"

आख्खं घर माझ्याकडे बघायला लागलं.

"गोड हाय," मी म्हटलं. "बारा महिने गोड. घ्या अजून."

पाहुणा पेल्यातल्या पेल्यात हसला. त्याच्याही घरी हंडा असणारच.