गोधडीतले स्कॉटिश वीर

“तिला काही माहीत नसेल, हे मी समजू शकतो. पण माणसाने सहा महिन्यांत निदान एक प्रश्न तरी विचारावा!”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. डॉ. पाठक ते त्यांच्या हॉलमध्ये पाठक वहिनींना सांगत होते आणि मी त्यांच्याच स्वयंपाकघरात काकडी चोचवत होते. मध्ये फक्त ताटं सरकवायची खिडकी. वहिनी म्हणाल्या, “अहो, हळू.” डॉक्टर म्हणाले, “मी हळूच बोलतोय.” हाडांचे डॉक्टर आहेत. प्लास्टर कापायच्या मशीनच्या वर आवाज काढायची सवय.

माझा नवरा निखिल त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये मशिनं सांभाळतो. लग्न होऊन मी सौदीत दम्मामला आले तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही पाठकांकडे जमतो. इथे किस्से फार साठतात. गावाकडे एका घरात घडलेलं दुसऱ्या घरात सांगून माणूस मोकळा होतो. इथे मराठी घरंच चार, आणि ज्याच्याबाबतीत घडलं तोच समोर बसलेला असतो. मग किस्से फ्रीजरमधल्या खोवलेल्या नारळासारखे डब्यात पडून राहतात. आज डबा बाहेर काढलाय.

* * *

शुक्रवारी जेवणानंतर पाठकांच्या मोठ्या टीव्हीवर सिनेमा असतो आणि सिनेमावर डॉक्टरांचं भाष्य असतं. त्या दिवशी मध्ययुगातल्या स्कॉटलंडची लढाई होती. नायकाच्या तोंडाला निळा रंग, कमरेला चौकड्यांचा घागरा, पाठीवर माणसाएवढी तलवार.

डॉक्टरांनी सिनेमा थांबवला. “हे बघा डिटेलिंग. या लोकांना इतिहासाबद्दल आदर आहे. आपल्याकडे काय, सैनिक दिसला की घाल अंगरखा.”

मी पापड मोडत बसले. परत येताना गाडीत निखिलला म्हटलं, “तो निळा रंग लढाईच्या हजार वर्षं आधीचा. तो घागरा लढाईनंतर तीनशे वर्षांनी आला. आणि ती लढाई गाजली ती पुलामुळे. इंग्रजांचं अर्धं सैन्य पूल ओलांडून आलं आणि तिथेच कापलं गेलं. सिनेमात पूलच नव्हता.”

निखिलने गाडी जवळजवळ थांबवलीच. “मग बोलली का नाहीस?”

“ते बोलत होते ना.”

* * *

मधला एक किस्सा दम्मामचा नाही, पण पुढे लागेल.

लग्नाआधी दोन वर्षं मी मुंबईत ऐतिहासिक मालिकांच्या कपडेपटात असिस्टंट होते. त्याआधी डिप्लोमाला माझा प्रोजेक्ट होता तो निरनिराळ्या देशांतले सैनिक चिलखताखाली काय घालायचे यावर. तर एकदा सेटवर चाळीस मावळे तयार होऊन उभे होते आणि आमच्या शिंदे मॅडम त्यांच्या रांगेतून चालत गेल्या. चालता चालता थांबल्या. चाळिसांच्याही अंगरख्याचे बंद चुकीच्या बाजूला होते. सगळे उतरवायला लावले. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, “मॅडम, लांबून शॉट आहे, कोणाला कळणार आहे?”

मॅडम म्हणाल्या, “मला.”

शूटिंग दोन तास लांबलं. बंद सोडवून बांधता बांधता माझी नखं दुखली, पण बाजू पक्की झाली.

* * *

आमच्या कंपाऊंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीत, दर हिवाळ्यात शॉर्ट फिल्मची स्पर्धा असते. मोबाइलवर काढायची, दहा मिनिटांची. तीन वर्षं मल्याळी मंडळी जिंकली होती, आणि ती दर वेळी पाठकांच्या दारावरून कप मिरवत न्यायची. या वर्षीचा विषय होता ‘परक्या देशाचा योद्धा’. डॉक्टर म्हणाले, “स्कॉटलंड. मला पूर्ण अभ्यास आहे.”

घागऱ्याच्या कापडासाठी आम्ही बाजारात गेलो. डॉक्टरांनी लाल-पांढऱ्या चौकडीचे सहा रुमाल निवडले, इथले पुरुष डोक्यावर घेतात ते. हैदराबादी दुकानदाराने घडी घालता घालता विचारलं, “डॉक्टर साब, शादी है किसी की?”

“नहीं, स्कर्ट बनाना है.”

दुकानदाराने घडी परत मोडली आणि रुमाल कपाटात ठेवून दिले. “सर की चीज़ कमर पे? मेरे से नहीं होगा, जनाब.”

शेवटी दोन दुकानं सोडून चौकडीचं कापड मिळालं. स्वस्त आणि हवं तेवढं. इतकं हवं तेवढं का आहे, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

* * *

ते शूटिंगच्या पहिल्या दिवशी कळलं. शहराबाहेर वाळूत चार वीर उभे राहिले आणि डॉक्टरांची नऊ वर्षांची ईरा ओरडली, “बाबा, दॅट्स माय युनिफॉर्म!”

होतंच. इंडियन स्कूलच्या मुलींच्या पिनाफोरचं, म्हणजे बिनबाह्यांच्या फ्रॉकचं कापड.

जवळच एक सौदी कुटुंब सतरंजी टाकून पिकनिकला बसलं होतं. त्यातले आजोबा बराच वेळ बघत होते. त्यांनी चौघांकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, “मदरसा?” म्हणजे शाळा का?

आमच्यातले सावंतकाका मालवणचे. रास अल खैरच्या प्लांटवर वेल्डर आहेत, सुट्टीला बस पकडून दम्मामला येतात. ते म्हणाले, “लेट अ‍ॅडमिशन.”

आजोबांना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी सगळ्यांना कहवा आणि खजूर पाठवले.

* * *

तलवार सावंतकाकांनीच केली होती. डॉक्टरांनी कागदावर माप दिलं होतं, साडेपाच फूट. काकांनी आयुष्यात हलकं काम केलेलं नाही. ती लोखंडी तलवार निखिलने दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर नेली आणि तिच्याबरोबर मागे गेला. पडला तो थेट कॅमेऱ्यावर.

मी काकांजवळ जाऊन हळूच म्हटलं, “काका, त्यांच्याकडे जास्त करून भाले होते. लांब. गोल करून उभे राहायचे, टोकं बाहेर. घोडा आत येत नसे. आणि खरं तर तिथे एक पूलही हवा.”

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. “गो बाय, मगे आधी कित्याक नाय सांगलंस?”

मी खांदे उडवले.

पुढच्या शुक्रवारी काका प्लास्टिकच्या पाइपांचे आठ भाले आणि परांचीच्या चार फळ्या घेऊन आले. बांधकामावर उभं राहायला लावतात त्या फळ्या. वाळूतल्या एका चरावर त्या टाकल्या. डॉक्टरांनी विचारलं, “हे काय?”

“पूल.”

“सिनेमात पूल नव्हता.”

“पूल नाय तर लढाय कसली, डॉक्टर? ती नुसती धक्काबुक्की.”

माझं नाव काकांनी घेतलं नाही. मीही सुचवलं नाही.

* * *

मग बातमी आली की या वर्षीची परीक्षक स्कॉटिश आहे. कंपाऊंडच्या लायब्ररीत बसतात त्या आयला मॅडम. लायब्ररीआधी त्यांची सगळी नोकरी तिकडच्या म्युझियममध्ये जुने कपडे दुरुस्त करण्यात गेलेली.

शुक्रवारी पाठकांकडे कोणी धड जेवलं नाही. निखिल म्हणाला, “डॉक्टर, तिच्यासमोर आपण पिनाफोरमध्ये जाणार? मल्याळी लोक चौथ्यांदा कप नेतील, आणि या वेळी हसत नेतील.”

डॉक्टर म्हणाले, “घाबरायचं काय? आपण भारतीय आहोत, म्हणून आपल्याला आपल्याकडच्या सातशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचे कपडे माहीत आहेत का?”

पूर्ण अभ्यासातलं ते पहिलं बरोबर वाक्य होतं.

मी दुसऱ्या दिवसापासून शिवायला बसले. त्या काळचा साधा स्कॉटिश शिपाई जाड कोट घालायचा, कापडावर कापड ठेवून आत भरण घालून दाट टीप मारलेला. तिकडे त्याला वेगळं नाव आहे, पण शिवण बघितली तर सरळ गोधडी. धावदोरा माझ्या हातातला. अडचण कापडाची होती. आमच्या घरातल्या चादरी लग्नातल्या, नव्याकोऱ्या.

तिसऱ्या दिवशी पाठक वहिनी पुरणाची पोळी द्यायला आल्या आणि त्यांनी पसारा बघितला. आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं, झालं, आता डॉक्टरांना कळणार. वीस मिनिटांनी चार चादरी आणि दोन सुया घेऊन आल्या.

“ह्यांना सांगू नकोस,” म्हणाल्या. मग दोरा ओवता ओवता खाली बघतच बोलल्या, “त्या दिवशी तू ऐकलंस ना?”

मी मान हलवली.

“मला वाटलंच. काकडी फार बारीक झाली होती.”

* * *

कोट तयार झाले, पण ते दिग्दर्शकाच्या गळी कसे उतरवायचे? डॉक्टरांनी एकदा बघितले आणि म्हणाले, “योद्धे आहेत की आजारी माणसं? ठेवा बाजूला.” निखिल माझ्या बाजूने बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

दम्मामला थंडी नसते असं गावाकडे सगळ्यांना वाटतं. इथे राहणाऱ्यांनाही दर जानेवारीपर्यंत तसंच वाटतं. त्या सकाळी उत्तरेचा वारा सुटला. डॉक्टर स्वतः सेनापती होते, गुडघे उघडे, पिनाफोर एका हाताने धरलेला. पहिल्या शॉटला त्यांची गर्जना दातांवर आपटून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली.

वहिनी कोट घेऊन पुढे गेल्या. “थंडीपुरता घाला. शॉटला काढा.”

डॉक्टरांनी घातला. गुडघ्यापर्यंत आला. बाकीच्यांनीही घातले. शॉटची वेळ झाली तेव्हा निखिलने विचारलं, “काढायचे?”

डॉक्टर पुलावर उभे राहून लांब बघत म्हणाले, “मी विचार केला. याच्यात एक वजन आहे.”

जुनं शूटिंग सगळं टाकून दिलं. पूल, भाल्यांचा गोल आणि कोट, पुन्हा पहिल्यापासून. पिनाफोरचं कापड वहिनींनी ईरासाठी ठेवलं.

* * *

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल भरला होता. आमची फिल्म पाचवी. संपल्यावर टाळ्या झाल्या, पण आयला मॅडम वहीत काही लिहीत नव्हत्या. त्या उठून सरळ डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टर वेषातच होते. मॅडमनी कोटाची कड धरली, उलटी केली आणि आतून टीप बघितली. शिवणारी कुठलीही बाई पहिलं तेच करते. आत निळी फुलं होती.

डॉक्टर वाकून बघायला लागले, मग वहिनींकडे वळले. “मीनल, ही आपली चादर आहे.”

मॅडम हसल्या आणि माइककडे वळल्या. इंग्रजीत जे म्हणाल्या ते असं: “आयुष्यभर पडद्यावर मी माझ्या माणसांना घागरा घालून धावताना बघितलं. त्यांना थंडी वाजत असेल, हे आज पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं. हे कोणाचं काम?”

डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, “अवर रिसर्च टीम.”

“टीम तिकडे बसलीय,” सावंतकाका मागून हिंदीत म्हणाले आणि हातातल्या भाल्याने माझ्याकडे दाखवलं. बाकीच्यांनीही भाले वळवले. दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मॅडम खुर्च्यांमधून वाट काढत आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. हात हलवला नाही. उलटा करून बोटावरचे सुईचे टोचे बघितले.

कप आमचा झाला. मल्याळी मंडळींचा म्होरक्या स्वतः तो उचलून पाठकांच्या दारापर्यंत घेऊन आला. सावंतकाकांची बस चुकली आणि त्यांना काही वाटलं नाही.

मी मात्र तेव्हाही काही बोलले नव्हते. नुसती हसले होते.

* * *

पुढच्या शुक्रवारी कप पाठकांच्या फ्रीजवर होता, ईराने त्याला टिकली लावली होती. जेवणं झाली. डॉक्टर आनंदात होते आणि मान्य करायला हवं, मोठ्या मनाने माझं कौतुक करत होते.

“मुक्ताने कमाल केली. मला वाटलं नव्हतं, खरंच सांगतो.” मग खुर्चीत मागे रेलले. “पण पुढच्या वर्षी हा रिसर्चचा त्रासच नको. योद्धाच विषय राहणार आहे म्हणे, देश आपला आपण निवडायचा. सरळ मराठे घेऊ. आपलाच इतिहास आहे, रक्तात आहे. त्यात विचारायचं काय कोणाला?”

निखिल म्हणाला, “बरोबर.” काकांनी मान डोलावली.

मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. हातातली सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बाहेर जाऊन डॉक्टरांच्या समोर उभी राहिले. टीव्ही चालू होता, तो वहिनींनी बंद केला.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “एक प्रश्न विचारू? अंगरख्याचे बंद डावीकडे बांधायचे की उजवीकडे?”