बाऊल नव्हे, बिबट्या

माझी सुजाता कॉलेजात वन्यजीव संवर्धन शिकते, हे दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणाच्या पचनी पडेना. "म्हंजी वाघाची डाक्टर व्हनार व्हय?" असं जो तो विचारी. खरं सांगायचं तर माझ्याही पचनी पडलं नव्हतं. शेवटी तिला घरी आणून बँकेच्या परीक्षेला बसवायचं, असं ठरवून मी एस.टी.त बसलो.

वरवंड मागं पडलं आणि डोळा लागला. उतरायचं होतं चौफुल्याला, जाग आली कासुर्डीला! कंडक्टर वर मलाच म्हणाला, "मामा, दोनदा हाळी दिली की." गरम भजी खाऊन राग गिळला आणि उलटी गाडी धरली. भीमा ओलांडून वडगाव रासाईला पोचेपर्यंत दुपार टळली होती. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारा ऊस. सुजाता प्रकल्पासाठी ज्यांच्याकडं राहत होती, त्या बाई म्हणाल्या, "ती फडात (ऊसतोड चालू असलेल्या शेतात) गेलीया. पिल्लं सापडलीत."

फडात गर्दी होती. एका तोडणीवाल्या बाईनं दोन पिल्लं उचलून फडाच्या कडेच्या आपल्या पालावर नेली होती आणि स्वतःच्या तान्ह्या बाळाशेजारी झोळीत घालून त्यांना शेळीचं दूध पाजत होती.

शेताचे मालक आबा हसत होते. "बाऊल (रानमांजर) हाय. ऱ्हाऊ द्या, उंदरं तरी मारंल."

सुजातानं हातमोजे घातले, एक पिल्लू उचललं. "आबा, शेपूट बघा. बाऊलीचं एवढं लांब असतंय का? आन् अंगावरची ही फुलं? बिबट्या हाय. मावशी, अंधार पडला की आई पिल्लं शोधत येणार. ती तुमच्या पालावर यायला नको."

बाईनं झटकन आपलं बाळ उराशी धरलं.

"पिल्लं जिथं सापडली तिथंच ठेवू. तोड उद्या सकाळपातुर थांबवा," सुजाता म्हणाली.

आबांचा चेहरा उतरला. ऊस भरायला ट्रक उभा होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी वडील न्हवं? पोरगी चुकली तर?"

"चुकायची न्हाई," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

सुजातानं फोन करून बोलावलेल्या वनरक्षकानं पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली. रात्री जेवताना माझे कान बाहेरच्या उसाकडंच होते. सुजाता मात्र मजेत ठेचा खात, कुणी वनखात्यात जातं, कुणी संशोधनात, कुणी शिकवायला लागतं, असं मलाच समजावत होती.

उजाडल्यावर आम्ही सगळे सरीवर गेलो. क्रेट आडवं, रिकामं. ओल्या मातीत तळहाताएवढे ठसे, थेट नदीकडं गेलेले. ती तोडणीवाली सुजाताच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत राहिली. माझा ऊर भरून आला, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हनं, माझी नात धावीला हाय. हे शिकवायचं तर कुठल्या कालिजात घालावी?"

मी अर्धा तास सांगत बसलो. जे ठाऊक नव्हतं, तेही ठासून सांगितलं.

दौंडला घरात पाऊल टाकलं तर मंडळी दारातच उभी. "एकटेच आलात? पोरगी कुठाय?"

पिशवी खाली ठेवली आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणालो, "कामावर आहे."