कागदाचा रेडिओ

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला मिठी वगैरे मारली नाही. बॅगेचं हँडल माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, "पोचला की कळवजो." पुण्याला निघालो तेव्हाही हेच म्हणाले होते, बंगलोरलाही हेच. माझ्या पायाला भिंगरी होती आणि त्यांनी ती कधी धरून ठेवली नाही. फक्त पोचल्याचा फोन येईपर्यंत ते जेवत नसत, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

या खेपेला मुक्काम हाँगकाँगला होता. इंग्रज केव्हाच निघून गेले होते, पण रस्त्यांच्या पाट्यांवर त्यांचे गव्हर्नर आणि राण्या ठाण मांडून होत्या. दीड वर्षात मी दोन नोकऱ्या आणि तीन खोल्या बदलल्या. एकदा उलट्या दिशेच्या ट्राममध्ये झोप लागली आणि इंटरव्ह्यू हुकला. एकदा भाज्यांचं समजून मागवलेल्या सूपमधून कोंबडीचा पाय वर आला. हे सगळं मी फोनवर तिखटमीठ लावून सांगायचो. बाबा खो खो हसायचे, आणि मला घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

खोलीजवळ कागदी वस्तूंचं एक दुकान होतं. कागदाचे शर्ट, बूट, घड्याळं आणि एक ट्रान्झिस्टर. सोनेरी बटणं, ताठ एरियल. बाबा मॅचची कॉमेंट्री ऐकायचे तो रेडिओ अगदी असाच होता. मी तो घेऊन नागपूरला कुरिअर केला, आणि स्वतःसाठी एक शर्ट घेऊन भिंतीवर लावला. बाबांनी रेडिओ शोकेसमध्ये ठेवला.

महिनाभरानं घरमालकीण नळ बघायला आली. शर्ट दिसताच तिचा चेहरा उतरला. तुटक इंग्रजीत तिनं सांगितलं, की या वस्तू मेलेल्या माणसांसाठी असतात. जाळल्या की त्यांना पोचतात. शर्ट मी लगेच काढला. बाबांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने गेले आणि एका सकाळी आईचा फोन आला. हार्ट अटॅक. मी पोचलो तेव्हा सारं आटोपलं होतं, आणि शोकेसमध्ये रेडिओ तसाच होता. मी इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण बापाचं सामान आपणच आधी धाडलं, हे मनातून जाईना.

त्यानंतर एकदाच निघालो, इंग्लंडला, आणि तिथं भिंगरी थांबली. नऊ वर्षं लंडनजवळच्या रीडिंग नावाच्या गावातच आहे. सकाळी लंडनची ट्रेन, आठवड्यातून एकदा कौन्सिलच्या गाडीसाठी रिसायकलिंगचे डबे बाहेर ठेवायचे. लोकांना वाटतं, सेटल झाला. खरं तर निघताना 'कळवजो' म्हणणारं माणूस गेलं, म्हणून माझं निघणंच संपलं.

यंदा आई पहिल्यांदाच इकडे आली. बॅगेतून लोणचं निघालं, तिखट निघालं, आणि तळाशी साडीत गुंडाळलेला तो रेडिओ. बंद घरात उंदरांनी कुरतडला असता म्हणून आणला म्हणे. मला राहवलं नाही. किचनमध्ये उभ्या उभ्या तिला सगळं सांगून टाकलं.

ती शांतपणे म्हणाली, "त्यांना माहीत होतं रे."

शेजारच्या काकूंची मुलगी सिंगापूरला असते. तिथल्या चिनी लोकांतही हीच रीत. रेडिओ आला त्याच महिन्यात ती सुट्टीला आली होती आणि तिनं तो बघताक्षणी ओळखला होता. आई तो फेकायला निघाली तर बाबांनी तिचा हात धरला.

"म्हणाले, पोरानं जीव लावून पाठवला आहे. त्याला सांगू नको, तिकडे एकटाच जिवाला खात बसेल. माझी तर वरची सोय आधीच झाली."

म्हणजे चार महिने आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत फोनवर हसत होतो.

पितृपक्षात बाबांच्या तिथीला, दुपारी, बॅक गार्डनमध्ये बार्बेक्यूच्या ट्रेमध्ये रेडिओ ठेवला. आई म्हणाली, "लाव. नऊ वर्षं झाली, मॅच ऐकली नाही त्यांनी." काडी मी लावली. धूर बघून शेजारच्या बाईंनी कुंपणावरून "एव्हरीथिंग ऑल राइट?" विचारलं. मी मान हलवली. एरियल सगळ्यात शेवटी वाकलं.

तिकडे राहिलेले तुम्ही, आणि माझ्यासारखेच निघालेले तुम्ही, विचारत असता की आता घर कुठलं. आपण पोचल्याचं कळेपर्यंत ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो माणूस म्हणजे घर, एवढंच मला कळलंय. तो गेल्यावर त्याच्या पोचण्याची वाट आपण बघायची.

राखेकडे बघत मी हळूच म्हणालो, "बाबा, रेडिओ पोचला की कळवजा."

आई आतून जेवायला हाका मारत होती. मी म्हटलं, थांब जरा.