ओट्यावरचं स्टूल

नंदाचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या बाजारात परवल निवडत होतो. "दादा, योसेफ गेले… रात्री झोपेतच." आणि मी, तिचा सख्खा मोठा भाऊ, पहिलं काय विचारावं? "घरीच होते ना?" ती म्हणाली, "घरीच होते दादा. माझ्या शेजारी." तिला माझा स्वभाव ठाऊक आहे. बँकेत उभा जन्म सह्या पडताळण्यात गेलेला माणूस मी, ताकसुद्धा फुंकून पितो. त्यातून तो महिन्याचा पहिला रविवार होता, आणि पहिल्या रविवारी पहाटे हा माणूस घरी नसायचा, म्हणून विचारलं.

योसेफ साळवे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर होते. आमच्या नंदानं त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा पुण्याच्या घरात दोन महिने कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. पुढे माझी बदली कोलकात्याला झाली, तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "तिच्यावर लक्ष ठेव. आणि त्याच्यावर जास्त ठेव." तेच मी निवृत्तीनंतरही इथे राहून केलं. उघड सांगतो, माणूस पहिल्यापासून मला जरा जास्तच गोड वाटायचा. कुणाशी वाद नाही, आवाज चढवणं नाही, घरात नंदाचा देव्हारा तिच्याहून त्यांनीच जास्त वेळा पुसलेला. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाचं कुठेतरी पाणी मुरत असतं, असा माझा अनुभव आहे.

आणि एकदा ते मला दिसलंच. त्यांच्या आग्रहावरून मी चर्चमध्ये गेलो होतो. पहिल्या रविवारी त्यांच्याकडे प्रभुभोजन असतं. एकेक रांग उठते, पुढे जाते, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेऊन परत येते. अगदी काठी टेकत चालणाऱ्या आजीसुद्धा गेल्या. योसेफराव मात्र जागचे हलले नाहीत. सगळ्यांहून मोठ्यानं गाणारा हा माणूस मांडीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत बसला. घरी आल्यावर मी नंदाला खोदून विचारलं. "ते कधीच घेत नाहीत," ती म्हणाली. "आणि पहिल्या रविवारी पहाटेच बाहेर पडतात, तिथून परस्पर चर्चला येतात. मी विचारत नाही." पहाटे कुठे जातात? चर्चचं दार तर नऊला उघडतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, दुसरं घर. माझ्या बहिणीचा संसार पणाला लागलेला, आणि ही म्हणते, विचारत नाही…

मग मी पाठलाग केला. त्याची मला आजही लाज वाटत नाही. बागबाजारच्या घाटावरून ते हावड्याच्या बोटीत चढले, मी मागच्या बाजूला वर्तमानपत्र धरून उभा. पलीकडे उतरून एका गल्लीत शिरले. बंद कारखाने, भिंतीला टेकलेलं भंगार, आणि एका बैठ्या घराचा ओटा. त्यांनी दार वाजवलं. खिडकीतून एका बाईनं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. माझा संशय पक्का होत चालला होता. पण योसेफराव ओट्याच्या कडेला नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळानं उठले, बंद दाराला नमस्कार केला आणि वळले तो समोर मी. चिडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "दादा, आलाच आहात तर चहा घेऊ."

त्या चहावर सगळं कळलं. ते हावड्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट. विश्वकर्मा पूजेला इकडे कुणी यंत्राला हात लावत नाही. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पूजा होते आणि माणसं गच्चीवर पतंग उडवतात. त्यांची एक ऑर्डर अडली होती. यांना वाटलं, पूजा झाली, आता दोन तास पत्रा कापायची प्रेस चालवली तर काय बिघडलं? ते बंद दार ज्याचं, त्या हराधन नावाच्या कामगाराला त्यांनी गच्चीवरून खाली बोलावलं. तो नको म्हणत होता, यांनी ऐकलं नाही. धुण्यासाठी काढलेला प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, परत बसवलेलाच नव्हता, तोही यांनी पाहिला नाही. हराधनच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कारखानाभर बोलणं झालं की देव कोपला. मालकालाही ते सोयीचं होतं. यांना म्हणाला, "लोक म्हणतात ते म्हणू दे, तू गप्प राहा." हे गप्प राहिले नाहीत. चौकशीला आलेल्या साहेबासमोर सांगितलं, "कुठलाही देव कोपला नाही. गार्ड नव्हता आणि हुकूम माझा होता." नोकरी गेली. दुसरीकडे हाताखालची मिळाली, तिथे रोज पाळी सुरू होण्याआधी लाकडाचा तुकडा घालून गार्ड स्वतः तपासायचे. पोरं हसायची, हे तपासायचे.

"आमच्यात शिकवण आहे," ते म्हणाले, "ज्याचं आपल्या हातून वाईट झालं, त्याच्याशी आधी समेट करा, मग वेदीपाशी या. हराधननं आत बोलावलं की मी तसाच चर्चला जाईन आणि हात पुढे करीन." मी म्हटलं, "तुमचा देव क्षमा करतो ना? मग अडलंय कुठे?" त्यावर म्हणाले, "पाळकही तेच म्हणतात. पण बोटं हराधनची गेलीत दादा, देवाची नाही." दर वेळी त्या बंद दारापुढे बसायला भीती नाही वाटत? वाटते म्हणाले. बोटीत बसल्यापासून प्रार्थना करतात, आणि ती दार उघडण्यासाठी नसते, उतरल्यावर पाय मागे वळू नयेत एवढ्यासाठी असते.

वर्षानुवर्षं हे चाललं. एका रविवारी संध्याकाळी लहान मुलासारखे माझ्याकडे आले. "दादा, आज ओट्यावर स्टूल ठेवलं होतं." मी म्हटलं, "दुसऱ्या कुणासाठी असेल." ते हसले. पुढेही दर वेळी स्टूल असायचं. हराधन दारात उभा राहायचा, बोलायचा नाही. आत बोलावणं काही आलं नाही… आणि योसेफराव गेले.

पुढच्या पहिल्या रविवारी मीच हावड्याला गेलो, कळवायला. धो धो पाऊस होता. दार उघडं होतं. ओट्यावर स्टूल नव्हतं. मनात म्हटलं, बघा, एक खेप चुकली आणि उचललं. तेवढ्यात नजर आत गेली. स्टूल उंबऱ्याच्या आत होतं, पुसून ठेवलेलं. हराधन पुढे आला. "साहब पिछला बार क्यों नहीं आया?" मी सांगितलं. थोट्या हातानं त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो नाही.

घरी येऊन नंदाला सांगितलं तर ती रडली. मी म्हटलं, रडू नकोस, पावसानं भिजेल म्हणून आत घेतलं असेल. माझा स्वभाव, काय करणार. रात्रभर तेच डोक्यात. त्यांच्यासाठी आत घेतलं, की पावसासाठी?

गेल्या पहिल्या रविवारी पुन्हा बोटीनं जाऊन आलो, नुसती खात्री करायला. लख्ख ऊन पडलं होतं, ओटा कोरडा ठणठणीत होता. स्टूल आतच होतं.